पाळीचा तक्ता आणि भेटीचा तक्ता

(वाळूज येथे कामगारांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या आयुष्यावर एका तक्त्याची सत्ता चालते. या आठवड्यात पहिली पाळी, पुढच्या आठवड्यात दुसरी, त्यानंतर रात्रपाळी. जेवणाची, झोपेची आणि सणावारांची व्यवस्था त्या तक्त्याच्या धोरणाने लावावी लागते. याच वस्तीतील काही कुटुंबांत मात्र दुसराही एक तक्ता असतो. तो न्यायालयाच्या आदेशात टंकलिखित केलेला असतो. पतिपत्नी विभक्त झाल्यावर मूल ज्याच्याजवळ राहत नाही, त्याने ते कोणत्या वारी, किती वाजता, कोठे आणि किती वेळ भेटावे, हे त्यात लिहिलेले असते. हे दोन तक्ते परस्परांशी जुळले नाहीत तर त्याची किंमत कोण मोजतो, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

हा प्रश्न खासगी आहे, वकिलांचा आहे, कामगारांच्या व्यासपीठावर त्याचे काय काम, असा आक्षेप कोणी घेईल. पण वेळाची वाटणी हा कामगार चळवळीचा पहिला प्रश्न होता. आठ तासांच्या दिवसासाठी झालेले लढे हे माणसाच्या आयुष्यातील किती तास त्याचे स्वतःचे, यासाठीच झाले होते. ते उरलेले तास ज्यांच्यासाठी मागितले, त्यांत मुले सर्वांत आधी येतात.

कायदा कोठवर आला

पालकत्वाचा आपल्याकडील मूळ कायदा १८९० चा आहे. पालक आणि पाल्य अधिनियम या नावाने तो आजही चालू आहे. वडिलांचा हक्क हे त्या काळी जवळजवळ गृहीतच होते. मुंबई उच्च न्यायालयाने १९४१ साली एका प्रकरणात लहान वयाच्या मुलाला आईची असलेली गरज वडिलांच्या कायदेशीर हक्कापेक्षा मोठी मानली, तेव्हा त्या गृहीताला तडा गेला. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाने पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ राहावे असे म्हटले आणि मुलाचे हित सर्वोपरी ठरवले. परंतु त्याच कायद्याच्या सहाव्या कलमात नैसर्गिक पालक म्हणून आधी पिता आणि ‘त्याच्यानंतर’ माता, ही उतरंड कायम ठेवली.

या एका शब्दाचा अर्थ व्यवहारात काय होतो, हे गीता हरिहरन यांच्या प्रकरणात दिसले. मुलाच्या नावाने रोखे घेण्यासाठी आईने सही केलेला अर्ज रिझर्व्ह बँकेने परत पाठवला आणि वडिलांची सही मागितली. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘त्याच्यानंतर’ याचा अर्थ केवळ ‘त्याच्या मृत्यूनंतर’ असा होत नाही, पित्याच्या अभावी माताही पालक असते, असा निर्णय दिला. विधी आयोगाने २०१५ च्या २५७ व्या अहवालात हे कलमच बदलून दोघांना समान स्थान देण्याची आणि संयुक्त पालकत्वाची वाट मोकळी करण्याची शिफारस केली.

त्याआधी १९७३ मध्येच रोझी जेकब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते की मुले ही आईबापांची मालमत्ता नव्हेत आणि खेळणीही नव्हेत. ताब्यासंबंधीचे आदेश परिस्थिती बदलल्यास बदलता येतात, हेही तेथे स्पष्ट झाले. १९८४ च्या कुटुंब न्यायालय अधिनियमाने भांडण जिंकण्या-हरण्याऐवजी तडजोडीची आणि समुपदेशनाची रीत आणली. २०२० मध्ये यशिता साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुलाला दोन्ही पालकांच्या सहवासाचा हक्क आहे असे सांगितले आणि दूर राहणाऱ्या पालकाशी दूरध्वनीवरून किंवा चित्रसंभाषणातून संपर्क ठेवण्याची व्यवस्थाही सुचवली.

तेव्हा कायद्याची दिशा चुकलेली नाही. वडिलांच्या मालकीपासून तो मुलाच्या हक्कापर्यंत आला आहे. अडचण पुढे आहे. मुलाचा हा हक्क पुरवायचा तो पालकाच्या वेळातून, आणि तो वेळ पालकाच्या हाती आहे की नाही, याची चौकशी फारशी होत नाही. १८९० च्या कायद्याचे सतरावे कलम न्यायालयाला मुलाचे वय, लिंग, धर्म, पालकाचे चारित्र्य आणि पात्रता पाहायला सांगते. पालकाच्या कामाच्या तासांचा तेथे उल्लेख नाही.

बहात्तर तासांचा हिशेब

एक साधे उदाहरण कल्पावे. आदेश असा आहे की महिन्यातील दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, सकाळी ११ ते दुपारी २, वडिलांनी मुलाला न्यायालयाच्या आवारातील भेटीच्या खोलीत भेटावे. म्हणजे महिन्याला ६ तास, वर्षाला ७२ तास. वर्षाचे एकूण तास ८,७६०. आठवड्याला ४८ तासांप्रमाणे ५० आठवड्यांत कारखाना २,४०० तास घेतो. शंभरात एक तासही मुलाच्या वाट्याला येत नाही, आणि जो येतो तोही पाळीच्या तक्त्यावर अवलंबून असतो.

आता हा पिता वाळूजमध्ये एका ठेकेदाराकडे कामाला आहे असे धरू. शुक्रवारची रात्रपाळी करून तो शनिवारी सकाळी बाहेर पडतो, न झोपता शहर गाठतो आणि तीन तास मुलासमोर डुलक्या देतो. मुलाच्या मनावर बापाची जी प्रतिमा उमटते, ती जांभया देणाऱ्या माणसाची. शनिवारी पहिली पाळी असेल तर त्याला खाडा करावा लागतो. कायम कामगाराला रजा मागता येते. ठेकेदाराच्या माणसाचा खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली, आणि दोन-तीन खाड्यांनंतर कामही जाऊ शकते. साप्ताहिक सुटीचा उपाय सुचवावा, तर विजेच्या नियोजनासाठी औद्योगिक वसाहतींतील सुटी रविवारऐवजी अन्य वारी ठेवण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनी आहे. बापाला सुटी असते तेव्हा मूल शाळेत असते.

दूरध्वनीचीही तीच गत. दुसरी पाळी मध्यरात्रीच्या सुमारास सुटते, तेव्हा मूल झोपलेले असते.

यात अंतराची भर पडते. वाळूजची वसाहत गेल्या चार दशकांत वाढली. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला, त्यामागून सुट्या भागांचे, औषधांचे, बीअरचे कारखाने आले. बजाजनगर, रांजणगाव, पंढरपूर, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटी या वस्त्या बाहेरगावाहून आलेल्या माणसांनी भरल्या. बीड, जालना, परभणी, बुलढाण्याहून आलेल्या या माणसांचे लग्न मोडले की पत्नी बहुधा मुलासह माहेरी जाते. कायद्याप्रमाणे मूल सामान्यतः जेथे राहते तेथील न्यायालयाला पालकत्वाच्या अर्जाचा अधिकार असतो. मुलाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण मग तीन तासांच्या भेटीसाठी पूर्ण दिवसाचा प्रवास करावा लागतो.

दोन-तीन भेटी चुकल्या की पुढच्या तारखेला ‘पित्याला मुलात रस नाही’ असा युक्तिवाद होतो. पाळी बदलली म्हणून आदेश बदलून मागता येतो खरा. पण पाळी आठवड्याला बदलते आणि अर्जाला तारखांवर तारखा पडतात.

न मोजलेले तास

येथवरचे चित्र पित्याच्या बाजूने रंगवले आहे, आणि येथेच थांबले तर तो अन्याय होईल. पित्याचे ७२ तास आदेशात मिनिटांसह लिहिलेले असतात. उरलेले ८,६८८ तास कोणाचे, याचा हिशेब कोठेच नसतो. ते आईचे असतात. मुलाचा ताप, शाळेची वेळ, दप्तर, दूध, रात्रीचे रडणे हे सारे त्या तासांत येते. तीही अनेकदा याच वसाहतीत सुट्या भागांच्या किंवा औषधांच्या पॅकिंगच्या कामावर उभी असते. ठरलेल्या शनिवारी मुलाला भेटीच्या ठिकाणी घेऊन येण्यासाठी तिचाही खाडा होतो. पित्याने भेट चुकवली तर तिची मजुरी आणि मुलाची वाट पाहणे, दोन्ही फुकट जातात. अर्थशास्त्र बाजारात विकल्या जाणाऱ्या श्रमाला किंमत देते आणि घरातल्या श्रमाला शून्य मानते. भेटीच्या आदेशांतही नकळत तेच गणित उतरते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट असावी. प्रत्येक भेट इष्टच असते असे नाही. ज्या घरात मारहाण झाली आहे, तेथे भेटीचा हक्क हे छळ चालू ठेवण्याचे साधन होऊ शकते. म्हणूनच २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे एकविसावे कलम, भेट मुलाला अपायकारक ठरेल असे वाटल्यास ती नाकारण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्याला देते. पाळीची अडचण सांगून कोणी हे कलम बोथट करू पाहील तर त्याला साथ देता येणार नाही. त्याचप्रमाणे पोटगी थकली म्हणून मुलाला दडवून ठेवणे आणि भेट मिळाली नाही म्हणून पोटगी थांबवणे, दोन्ही चूकच. पोटगी आणि भेट ही दोन वेगळी कर्तव्ये आहेत, आणि दोन्ही मुलाची आहेत.

करता येण्यासारखे

उपाय अवघड नाहीत. पहिला न्यायालयासाठी. समुपदेशकाने दोन्ही पालकांच्या पाळ्यांचे तक्ते समोर घ्यावेत. पाळी फिरती असेल तर ठरावीक वाराऐवजी महिन्याचे तास ठरवावेत आणि तक्ता लागताच अमुक दिवसांच्या आत दिवस कळवण्याची अट घालावी. चुकलेल्या भेटीची भरपाई कशी व्हावी, हेही आदेशातच असावे. मूल समजत्या वयाचे असेल तर त्याचे मत विचारात घेण्याची मुभा १८९० च्या कायद्यातच आहे. तिचा उपयोग व्हावा.

दुसरा सरकारसाठी. भेटीची जागा न्यायालयाच्या आवारातच का असावी? पोलीस, आरोपी, वकिलांची गर्दी यांच्यामध्ये मुलाला बापाची ओळख पटावी ही अपेक्षा विचित्र आहे. राज्याचे कामगार कल्याण मंडळ १९५३ च्या कायद्याने अस्तित्वात आले, आणि त्याची केंद्रे कामगार वस्त्यांतून चालतात. अशा केंद्रांत, बालवाडीत किंवा शाळेत, एका प्रशिक्षित सेविकेच्या देखरेखीखाली सुटीच्या दिवशी भेटी होऊ शकतात.

तिसरा, आणि येथे जमलेल्यांच्या सर्वांत जवळचा, कामगार संघटनांसाठी. वेतनकरारात बोनस, कॅन्टीन, बस यांची कलमे असतात. न्यायालयाने ठरवून दिलेल्या भेटीसाठी पाळी बदलून मिळावी, त्या दिवसाचा खाडा धरू नये, आणि ही सवलत आई-बाप दोघांना, तसेच ठेकेदारी कामगारांनाही असावी, असे एक कलम त्यात आले तर कारखान्याचे उत्पादन बुडणार नाही. मागणी लहान आहे, परंतु ती करायची तर संघटनेला प्रथम हे मान्य करावे लागेल की मोडलेले घर ही कामगाराची लाज नाही.

काळ मात्र उलट दिशेने चालला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील दैनिक कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. आठवड्याचे ४८ तास कागदावर कायम आहेत, हे खरे. पण बारा तासांच्या दिवसात जाण्यायेण्याचे दोन तास मिळवले तर त्या दिवशी मुलासाठी काय उरते, याचा हिशेब कोणत्याही अधिसूचनेत नाही. हा प्रश्न केवळ विभक्त कुटुंबांचा राहत नाही. ज्यांचे संसार सुरळीत चालले आहेत, त्यांच्याही घरी बाप आणि मूल एकमेकांना झोपलेलेच पाहत असतात. फरक इतकाच की त्यांच्या भेटींचा तक्ता कोणी लिहून ठेवलेला नसतो.