काखेत लावायचा तापमापक

इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या रुग्णालयात, मेंदूविकारांच्या अतिदक्षता विभागात, २०१५ ते २०१७ या काळात एका बुरशीने मुक्काम ठोकला होता. कॅन्डिडा ऑरिस तिचं नाव. ७० रुग्णांपर्यंत ती पोहोचली. बहुतेकांच्या ती नुसती अंगावर होती, पण ७ जणांच्या शरीरात खोलवर शिरली. नेहमीचे उपाय झाले, तरी नवे रुग्ण सापडतच राहिले. अखेर संशय गेला काखेत लावायच्या तापमापकावर. एकाच्या काखेतून निघायचा, दुसऱ्याच्या काखेत जायचा. हे तापमापक वापरातून काढले, तेव्हा कुठे साथ आटोक्यात आली.

ऑपरेशनची हत्यारं ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने निर्जंतुक होतात, त्यांची नोंदवही असते. तापमापक, बीपीचा पट्टा, स्टेथोस्कोप यांना तो मान नाही. ही नुसत्या धडधाकट कातडीला टेकणारी साधनं. नियमाप्रमाणे त्यांना साधी स्वच्छता पुरते. पुरते हे खरं, पण ती करायची कुणी? सिस्टरांना वाटतं मावशी पुसतील, मावशींना वाटतं हे डॉक्टरांचं. खरा घोटाळा इथेच आहे, असं माझं मत.

जिनिव्हातल्या संशोधकांनी २०१४ साली डॉक्टरांचे हात आणि स्टेथोस्कोप दोन्ही तपासले. स्टेथोस्कोपच्या चकतीवर तळहातापेक्षाही जास्त जंतू निघाले. फक्त बोटांची टोकं तिच्या पुढे होती. हात धुतल्यावर डॉक्टर गळ्यातला स्टेथोस्कोप तसाच पुढच्या रुग्णाच्या छातीवर ठेवत असतील, तर काय साधलं?

उपाय स्वस्त आहे. ७० टक्के अल्कोहोलने पुसायचं आणि आपोआप वाळू द्यायचं. शुद्ध अल्कोहोल जास्त कडक असेल, हा गैरसमज. जंतूंची प्रथिनं मोडायला थोडं पाणीही लागतं. रक्त किंवा घाण लागली असेल, तर ती आधी धुवायची. बीपीचा कापडी पट्टा मात्र कटकटीचा. पुसता येईल असा रेक्झिनसारखा पट्टा बरा. आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जुलाबाच्या जंतूचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत. तिथे क्लोरीनचं द्रावणच हवं.

तुमचं माणूस दवाखान्यात असेल, तर तापमापक लावण्याआधी "सिस्टर, पुसलाय ना?" एवढं जरूर विचारा. कुणी रागावलं, तरी विचारा.