तीन विभागांचं विद्यापीठ

(रेडिओवरील भाषण)



विद्यापीठाचं कर्तृत्व सांगायची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. वर्षभरात कोणाला पुरस्कार मिळाला, कोणाचा निबंध परदेशातल्या नियतकालिकात छापून आला, किती जण डॉक्टर झाले, याची यादी करायची आणि वार्षिक अहवालात छापायची. त्यात गैर काही नाही. पण ज्या विद्यापीठाबद्दल मी आज बोलणार आहे, त्याचं मोठेपण अशा एका वर्षाच्या यादीत मावत नाही. ते विद्यापीठ म्हणजे पुण्याचं, येरवड्याचं डेक्कन कॉलेज.

नावात कॉलेज असलं तरी १९९० साली त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. विभाग मोजून तीन. पुरातत्त्व, भाषाशास्त्र, आणि संस्कृत व कोशशास्त्र. टिळक-आगरकर इथे शिकले, हे आपल्याला माहीत असतं. पण १९३४ साली मुंबई सरकारने खर्च परवडत नाही म्हणून हे कॉलेज चक्क बंद केलं होतं, हे फारसं कोणाला ठाऊक नसतं. माजी विद्यार्थी न्यायालयात गेले, आणि १९३९ साली ते पुन्हा उघडलं ते पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून. तिथल्या अध्यापकांच्या पहिल्या तुकडीत भाषाशास्त्राचे सु. मं. कत्रे होते, पुरातत्त्वाचे हसमुख सांकळिया होते आणि समाजशास्त्र व मानववंशशास्त्राच्या इरावती कर्वे होत्या.

आता इथल्या कामांविषयी. सर्वांत आधी सांगायला हवा तो संस्कृतचा महाकोश.

१९४८ साली कत्र्यांनी हा प्रकल्प हाती घेतला. ऋग्वेदापासून अठराव्या शतकाअखेरपर्यंतचे सुमारे दीड हजार ग्रंथ निवडायचे, त्यांतले शब्द टिपायचे, आणि प्रत्येक शब्द कोणत्या काळी कोणत्या अर्थाने वापरला गेला ते क्रमाने दाखवायचं, अशी ही योजना. ग्रंथ काही केवळ काव्य-नाटकांचे नव्हेत. वेद, व्याकरण, वैद्यक, ज्योतिष, शिल्प, पाकशास्त्र, अश्वविद्या अशा साठाहून अधिक विद्याशाखांतले. हे टिपण्याचं काम पंचवीसएक वर्षं चाललं. त्यातून जमल्या सुमारे एक कोटी चिठ्ठ्या. एकेका चिठ्ठीवर शब्द, तो जिथे आला ते वाक्य आणि ग्रंथातलं नेमकं ठिकाण. लोखंडी खणांच्या कपाटांतून त्या अक्षरक्रमाने लावलेल्या आहेत. या चिठ्ठ्या ज्यांनी हाताने लिहिल्या, त्यांपैकी बहुतेकांना कोशाचं पहिलं छापील पानसुद्धा पुष्कळ वर्षं दिसलं नाही. ते छापून आलं १९७६ साली, अमृत माधव घाटगे यांच्या संपादनाखाली.

आजपर्यंत या कोशाचे सुमारे ३५ भाग आणि सहा हजारांवर पानं प्रसिद्ध झाली आहेत, आणि ती सगळी एकट्या 'अ' या अक्षराची आहेत. हे ऐकलं की माणसं हसतात. पंचाहत्तर वर्षांत एक अक्षर! माझं म्हणणं असं की हसण्याआधी 'अ' म्हणजे काय ते पाहावं. संस्कृतात नकार दाखवायचा तर शब्दाला 'अ' किंवा 'अन्' लागतो. म्हणजे ज्ञानाबरोबर अज्ञान, अंताबरोबर अनंत. भाषेतले असे सगळे नकारार्थी शब्द येऊन या एका अक्षरात बसतात. शिवाय व्याकरणाने सांगितलेल्या बावीस उपसर्गांपैकी अति, अधि, अनु, अप, अपि, अभि, अव असे सात 'अ'ने सुरू होतात. या सातांनी धातूंना जोडून जे शब्द घडवले, त्यांचं सगळं कुळ इथेच नांदतं.

आणि असे कोश इतरत्र कसे झाले तेही पाहा. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाची कल्पना १८५७ साली मांडली गेली आणि पहिली आवृत्ती पूर्ण झाली १९२८ साली. लॅटिन भाषेचा महाकोश जर्मनीत १८९४ साली सुरू झाला, तो अजून चालूच आहे. तिथे कोणी त्याला हसत नाही. सरकारं बदलली, दोन महायुद्धं झाली, आणि तरी ते काम पुढे नेलं गेलं.

घाटग्यांच्या नंतर अनेक प्रधान संपादक झाले. अलीकडच्या काळात जयश्री साठे यांनी ही धुरा सांभाळली, मग प्रसाद जोशी यांनी. चिठ्ठ्यांचं संगणकीकरण झालं, कोशाच्या कामासाठी खास प्रणाली तयार झाली, त्यामुळे जुळवाजुळव आणि छपाई आता वेगाने होऊ लागली आहे. तरी शेवटचा निर्णय माणसानेच करायचा असतो. 'अज' म्हणजे बोकड आणि 'अज' म्हणजे जन्म नसलेला. समोरच्या वाक्यात यांतला कोणता, हे यंत्र सांगत नाही. ते सांगायला व्याकरण, मीमांसा, वैद्यक यांत मुरलेला माणूस लागतो, आणि असा माणूस तयार व्हायला वर्षं जातात.

दुसरं काम मातीतलं. सांकळिया आणि त्यांचे सहकारी अन्सारी व ढवळीकर यांनी शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगावला १९६८ ते १९८३ असं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीचा महाराष्ट्रातला शेतकरी काय पिकवत होता, कसल्या घरात राहत होता, हे आपल्याला नीट कळलं ते तिथून. तो सातू पिकवत होता, पाटाने पाणी नेत होता. दगावलेलं लेकरू तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत घालून घराच्या जमिनीखालीच पुरत होता. पुढे पाऊस कमी झाला, शेती आटली, चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. हे सगळं सांगायला राजाचा शिलालेख नव्हता. जळके दाणे, जनावरांची हाडं आणि खापरं, एवढंच होतं. अशी हाडं ओळखणारे प्राणिपुरातत्त्वाचे अभ्यासक, दाणे ओळखणारे वनस्पतीचे अभ्यासक, मानवी सांगाडे वाचणारे मानवशास्त्रज्ञ या एका लहान संस्थेने आपल्याच छपराखाली घडवले. त्यांच्या जोडीला खापरं धुऊन त्यांवर क्रमांक घालणारे, थरांचे नकाशे काढणारे, फोटो घेणारे कर्मचारी होते. त्या क्रमांकात एक चूक झाली असती तर पुढचं सगळं शास्त्र कोसळलं असतं.

त्याच परंपरेतून हरियाणातल्या राखीगढीचं उत्खनन आलं. ते करणारे वसंत शिंदे तेव्हा डेक्कन कॉलेजचे कुलगुरू होते. हडप्पा संस्कृतीच्या त्या मोठ्या नगराच्या दफनभूमीतून निघालेल्या अवशेषांतून डीएनए मिळवायचा प्रयत्न झाला. आपल्याकडच्या उष्ण हवेत आणि पाणी मुरणाऱ्या जमिनीत तो सहसा टिकत नाही. साठाहून अधिक नमुने तपासले तेव्हा एका स्त्रीच्या सांगाड्यातून पुरेसा जनुकीय मजकूर हाती लागला, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये 'सेल' या नियतकालिकात तो निबंध प्रसिद्ध झाला. हडप्पा संस्कृतीच्या माणसाचा मिळालेला हा पहिला जनुकसंच. त्या स्त्रीत मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश सापडला नाही.

या निबंधावरून वृत्तपत्रांत बराच धुरळा उडाला. आर्य बाहेरून आलेच नाहीत, असा निकाल काहींनी त्यातून काढला. मला वाटतं, त्या एका स्त्रीच्या अवशेषांवर असला भार टाकणं योग्य नव्हतं. त्याच दिवशी 'सायन्स'मध्ये दुसरा निबंध आला. त्याचे काही लेखक तेच होते, आणि पशुपालकांचा तो अंश नंतर, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात भारतात आला, असं त्यांनी त्यात मांडलं होतं. दोन्ही निबंध शेजारी ठेवून वाचले म्हणजे चित्र स्पष्ट होतं. पण वादाच्या गर्दीत एक गोष्ट मागे पडली. कबरीतलं हाड बाहेरच्या स्पर्शाने बिघडू न देता काढणं आणि त्याची नोंद बिनचूक ठेवणं, हे खड्ड्यात उतरलेल्या माणसांचं कसब होतं. ते नसतं तर प्रयोगशाळेपर्यंत काही पोचलंच नसतं.

तिसरं काम आपल्या सर्वांच्या जवळचं आहे. मघाशी ज्या घाटग्यांचं नाव घेतलं, त्यांनीच १९६०च्या दशकात मराठीच्या बोलींची पाहणी करून कुडाळी, वारली अशा बोलींवर एकेक पुस्तक लिहिलं होतं. ते सूत्र बरीच वर्षं तसंच राहिलं. अलीकडे राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पुन्हा हाती घेतलं. जिल्ह्याजिल्ह्यांतून, गावोगाव तरुण संशोधक गेले. शेतकरी, मजूर, घरातल्या बायका, म्हातारी माणसं यांच्याशी बोलले आणि ते बोलणं ध्वनिमुद्रित केलं. एकाच अर्थाचा शब्द कुठून कुठपर्यंत चालतो, त्याचे नकाशे केले. मुलाला सिंधुदुर्गात झील म्हणतात, खानदेशात आंडोर म्हणतात, वऱ्हाडात पोट्टा म्हणतात, हे आपण गमतीने सांगतो. कोणता शब्द नक्की कोणत्या गावाशी थांबतो, दोन बोली कुठे एकमेकींत मिसळतात, हे मात्र असं पायी फिरल्यावाचून कळत नाही. हे साहित्य आता कोणालाही पाहता आणि ऐकता येतं. माझ्या मते गेल्या काही वर्षांत मराठीसाठी झालेल्या कामांत याचं स्थान फार वरचं आहे, आणि त्याचा गाजावाजा त्यामानाने काहीच झाला नाही.

मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण सगळे आनंदलो. मग या दर्जाला शोभेल अशी तरतूदही व्हायला हवी. कोशकार, बोलींचे अभ्यासक, उत्खननातले तंत्रज्ञ अकरा महिन्यांच्या करारावर नेमून चालत नाही. शिकलेलं माणूस करार संपताच निघून जातं आणि त्याचं शिक्षण वाया जातं. अशा संस्थांतल्या जागा कायमच्या भराव्यात, आणि त्यांत प्राध्यापकांइतकीच सहायकांची, ग्रंथपालांची, प्रयोगशाळेतल्या माणसांचीही गणना व्हावी, ही शासनाला माझी विनंती आहे.

आणि श्रोतेहो, एक विनंती तुम्हालाही. भाषेची पाहणी करणारी मुलं कधी तुमच्या गावात, तुमच्या ओट्यावर येऊन बसली, तर त्यांच्यापुढे पुस्तकातली मराठी बोलू नका. तुमच्या आजीने तुम्हाला जशी हाक मारली तशाच शब्दांत त्यांच्याशी बोला, आणि घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर आधी त्याला बोलू द्या.