नद्या फ्रेंचांच्या, नांगर इंग्रजांचा

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने आंदण मिळालेली मुंबई 1668 साली ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली, हे आपण शाळेत शिकलेलो आहोत. त्यानंतर दोनच वर्षांनी, 2 मे 1670 रोजी, याच राजाने आणखी एका कंपनीला सनद दिली. ती हडसन बे कंपनी. उत्तर अमेरिकेत हडसन उपसागराला जेवढ्या नद्या मिळतात त्या सगळ्यांचा मुलूख या सनदेने कंपनीच्या पदरात पडला. त्याचं भाडं काय? राजा किंवा त्याचे वारस कधी तिकडे गेलेच, तर कंपनीने त्यांना दोन एल्क हरणं आणि दोन काळे बीव्हर द्यायचे! हा मुलूख केवढा, हे देणाऱ्याला माहीत नव्हतं आणि घेणाऱ्यालाही नव्हतं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या क्री लोकांना तर कुणी विचारलंच नाही. आणि गंमत अशी की ही अस्सल इंग्रज कंपनी निघाली ती दोन फ्रेंच माणसांच्या सांगण्यावरून.

ग्रोझेये आणि त्याचा मेहुणा रादिसाँ हे दोघे 1659च्या सुमारास सुपीरियर सरोवराच्या पलीकडे भटकून आले आणि बीव्हरच्या कातड्यांनी भरलेल्या होड्या घेऊन परतले. परवाना न घेता गेले म्हणून कॅनडातल्या फ्रेंच गव्हर्नरने त्यांना दंड ठोकला. उत्तम कातडी उत्तरेला हडसन उपसागराकडे मिळतात आणि तिथवर समुद्रातून थेट जाता येईल, ही त्यांची माहितीही कुणी मनावर घेतली नाही. मग ते बॉस्टनमार्गे लंडनला पोचले. 1668 साली तिथून दोन जहाजं निघाली. रादिसाँचं जहाज वादळाने परत फिरवलं. ग्रोझेये मात्र ‘नॉनसच’वरून उपसागराच्या दक्षिण टोकाशी पोचला, तिथे हिवाळा काढून कातडी घेऊन परतला, आणि कंपनी उभी राहिली. पुढे दोघे पुन्हा फ्रेंचांकडे गेले. रादिसाँ त्यानंतर परत इंग्रजांकडे आला. त्यांना फितूर म्हणून मोकळं होता येईल. पण 1497 साली इंग्लंडचं निशाण घेऊन अटलांटिक ओलांडणारा कॅबट इटालियन होता आणि 1524 साली फ्रान्ससाठी तोच किनारा धुंडाळणारा व्हेराझानोही इटालियनच. शोधयात्रांचा हा इतिहास दोन राष्ट्रांच्या पराक्रमाची शर्यत म्हणून वाचला की फारसं हाती लागत नाही. माल कोणता आणि तो मिळवायला काय करावं लागतं, तिथून सुरुवात केली तर बरंच उलगडतं.

फ्रेंचांचा माल होता बीव्हरचं कातडं. त्या काळी युरोपात फेल्टच्या टोप्यांचं वेड होतं, आणि त्या फेल्टला बीव्हरच्या आतल्या मऊ लवेची सर कशालाच नव्हती. यातही टोपी बनवणाऱ्यांना कोरं कातडं नको असायचं. मूळ रहिवाशांनी हिवाळाभर, कधी दोन हिवाळे अंगावर पांघरलेलं, घामाने आणि चरबीने मऊ पडलेलं, वरचे राठ केस झडून गेलेलं वापरलेलं कातडंच सर्वांत महाग विकलं जाई. म्हणजे शिकार त्या लोकांनी करायची, कातडं कमवायचं त्यांनी, वापरायचंही त्यांनीच. भूर्जाच्या सालीची हलकी होडी त्यांची, वाट त्यांची, वाटेवरचं अन्नही त्यांचंच. त्यांच्याशी सख्य नसेल तर फ्रेंच व्यापाऱ्याला तिथे एक हिवाळासुद्धा काढणं अवघड होतं. 1608 साली शाम्प्लेनने क्वेबेकची वखार वसवली, तेव्हा मागे राहिलेल्या 28 जणांपैकी वसंत येईतो 20 मेले होते. पुढच्याच वर्षी तो वेन्डाट आणि अल्गॉन्क्विन या तिथल्या जमातींच्या बाजूने मोहॉक लोकांवर बंदूक चालवायला गेला. व्यापार हवा तर आमच्या लढाईतही उभा राहा, हा त्यांचा सरळ हिशेब होता. या सख्यातूनच नद्या आणि सरोवरं फ्रेंचांना खुली झाली. 1673 साली जोलिए आणि मार्केत मिसिसिपीवर पोचले. 1682 साली ला साल तिच्या मुखापर्यंत गेला आणि तो सगळा मुलूख त्याने चौदाव्या लुईच्या नावे जाहीर करून टाकला. त्या वेळी बहुतेक इंग्रज वसाहतवाले अजून अ‍ॅपलेशियन डोंगरांच्या अलीकडेच होते.

पण ज्या धंद्याने फ्रेंचांना एवढं लांब नेलं, त्यानेच त्यांची वसाहत विरळ ठेवली. शेतकऱ्याला शेजारी आला की गाव वाढतं, बाजार भरतो. कातड्यांच्या व्यापाऱ्याला मात्र नवा शेजारी म्हणजे तोडलेलं रान आणि पळालेला बीव्हर. 1627 साली फ्रान्समध्ये निघालेल्या कंपनीने 15 वर्षांत 4000 माणसं वसवायचं कबूल केलं होतं. 1663 साली अख्ख्या वसाहतीत जेमतेम 3000 होती. राजाने मग लग्नासाठी आठेकशे मुली सरकारी खर्चाने पाठवल्या, तेव्हा कुठे पाळणे हलू लागले. इकडे व्हर्जिनियातला तंबाखू जमिनीचा कस काही वर्षांत खाऊन टाकी, म्हणून इंग्रजांना दरवेळी नवी जमीन हवी असे. आणि ज्याला जमीनच हवी, त्याला तिथला माणूस अडचणच वाटणार. अठराव्या शतकाच्या मध्याला कॅनडातले फ्रेंच साठ-सत्तर हजार होते. गुलाम धरून इंग्रज वसाहतींची वस्ती दहा लाखांच्या पुढे गेली होती.

यावर कुणी म्हणेल, फ्रान्सने प्रॉटेस्टंटांना कॅनडात वसायला बंदी केली, तिथेच घोडं अडलं. बंदी होती, आणि ती शहाणपणाची नव्हती, हे खरंच. पण उरलेल्या कॅथलिक फ्रान्समध्येही इंग्लंडच्या कितीतरी पट माणसं होती. ती आली नाहीत, आलेल्यांपैकी बरीच परतली, कारण तिथल्या धंद्यात त्यांना जागाच नव्हती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: निकाल लावला तो इंग्लंडच्या आरमाराने, 1759 साली क्वेबेक पडलं ते त्यामुळे. मान्य. पण क्वेबेक 1629 सालीही इंग्रजांच्या हाती पडलं होतं, आणि बायकोच्या हुंड्याची थकलेली रक्कम मिळावी म्हणून पहिल्या चार्ल्सने ते 1632 साली परत देऊन टाकलं. जिंकलेलं परत मागता येतं. 1763च्या तहात फ्रान्सने परत मागितलं ते ग्वादलूप, कॅरिबियनमधलं साखरेचं बेट. कॅनडा सोडून दिला. त्याच तहात पाँडिचेरीही फ्रान्सला परत मिळाली. जमाखर्चात जे तोट्यात होतं त्यावर पाणी सोडलं गेलं.

फ्रेंच मुळातच मायाळू होते, असं मात्र यातून कुणी काढू नये. 1630च्या दशकात देवी आणि इतर साथींनी वेन्डाट लोक निम्मे उरले, आणि या साथी युरोपियनांबरोबरच आल्या होत्या. आड येणाऱ्या मेस्क्वाकी लोकांचा तर फ्रेंचांनी निर्वंशच करायला घेतला होता. सख्य होतं ते गरजेपोटी, आणि दरवर्षी दारूगोळा, भांडी, कापड यांचा नजराणा देऊन ते ताजं ठेवावं लागे. जिंकल्यावर इंग्रज सेनापती अ‍ॅमहर्स्टने हे नजराणे उधळपट्टी म्हणून बंद केले. 1763च्या मे महिन्यात ओडावा पुढारी पाँटियाक डेट्रॉइटच्या किल्ल्यावर चालून गेला आणि सरोवरांच्या काठचे इंग्रजी किल्ले एकापाठोपाठ एक पडले. फ्रेंच हरले होते. ओडावांनी आपली जमीन कुणाला दिलेली नव्हती. ऑक्टोबरमध्ये तिसऱ्या जॉर्जने जाहीरनामा काढून आपल्याच प्रजेला अ‍ॅपलेशियनपलीकडे वस्ती करायला मनाई केली. 1767 साली व्हर्जिनियातला एक जमीनदार आपल्या माणसाला गुपचूप कळवत होता, की ही मनाई तात्पुरती आहे, तू पलीकडच्या चांगल्या जमिनी आत्ताच हेरून ठेव. त्या जमीनदाराचं नाव जॉर्ज वॉशिंग्टन.