क्यू उद्यानांतील चित्रघर

लंडनच्या पश्चिमेस, थेम्सच्या कांठीं, क्यूचें वनस्पति-उद्यान आहे. १७५९ मध्यें राजघराण्याच्या लहानशा बागेपासून त्याचा आरंभ झाला. श्रोतेहो, तेथें जाणारा पाहुणा प्रथम १८४८ मध्यें पुरें झालेलें ताडगृह गांठतो. लोखंडी कमानींवर तोललेल्या त्या काचघरांत, बाहेर हिम पडत असतांहि, उष्ण प्रदेशांतील ताडमाड सुखानें वाढतात. परंतु त्यांच्या पायाशीं ना समुद्र, ना भातखाचरें. झाड आहे, त्याचा देश नाहीं.

तो देश पाहावयाचा तर उद्यानाच्या पूर्व कडेस असलेल्या विटांच्या इमारतींत शिरावें. मेरिअ‍ॅन नॉर्थ (१८३०-१८९०) या आंग्ल बाईंनीं वडिलांच्या मृत्यूनंतर, चाळिशी गांठल्यावर, एकटीनें जगभर प्रवास केला. १८७७ ते १८७९ या काळांत त्या हिंदुस्थानांतहि होत्या. त्यांचीं आठशेंहून अधिक तैलचित्रें येथें आहेत. इमारतहि त्यांनींच स्वखर्चानें बांधून दिली. ती १८८२ मध्यें उघडली. आराखडा जेम्स फर्ग्युसन यांचा. लेण्यांवर ग्रंथ लिहिणारे ते हेच. पुण्याच्या महाविद्यालयास ज्यांचें नांव आहे ते गव्हर्नर निराळे.

शास्त्रीय चित्रकार सामान्यतः कोऱ्या कागदावर एकच डहाळी काढीत. बाईंच्या फुलामागें डोंगर, पाणी, देऊळ असतें. १८७५ मध्यें कॅलिफोर्नियांत त्यांनीं रेडवुड वृक्ष रंगविले. तेथील तोड पाहून त्यांचें मन विषण्ण झालें. पुढच्याच वर्षीं बोर्निओंत त्यांनीं एक प्रचंड घटपर्णी चितारली. ती जात शास्त्रज्ञांस ठाऊकच नव्हती! चित्र पाहून एका रोपवाटिकेच्या मालकानें माणूस धाडला, वनस्पति मिळविली, आणि क्यूचे संचालक जोसेफ हूकर यांनीं तिला बाईंचें नांव दिलें.

चित्रें मात्र इतक्या दाटीनें लाविलीं आहेत कीं मध्यें भिंत दिसत नाहीं. डोळे थकतात, हें कबूल केलें पाहिजे. खालीं बाईंनीं जमविलेल्या २४६ प्रकारच्या लांकडांच्या फळ्या आहेत.

दमलेल्या प्रेक्षकांस येथें चहा, कॉफी व बिस्किटें मिळावीं, अशी बाईंची इच्छा होती. हूकरसाहेबांनीं नकार दिला. एवढ्या गर्दीस पुरवावयाचें कसें, ही त्यांची अडचण खोटी नव्हती. बाईंनीं मग दारांवर चहाचें आणि कॉफीचें झाड रंगवून ठेविलें.