रिपोर्ट नॉर्मल, पण मोजे घालता येत नाहीत

आज कोडिंग नाही, आज माझी कंबर.

दोन वर्षं मला पहाटे तीन-चारला दुखण्याने जाग यायची. सकाळी तासभर कंबर इतकी आखडलेली, की मोजे आई घालून द्यायची. अठ्ठाविसाव्या वर्षी! आणि चाललं-फिरलं की बरं वाटायचं, रविवारी लोळलं की जास्त दुखायचं.

पुण्यातल्या एका नावाजलेल्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. अडीच तास वेटिंग, चार मिनिटं तपासणी. एक्स-रे बघून म्हणाले, "काही नाहीये. आयटीवाली ना? बसून बसून होतं. लग्न झालं की विसरशील."

मी म्हटलं, "पण डॉक्टर, आराम केला की वाढतं."

"गूगल करून आलीस का?"

रिक्षात आई म्हणाली, "एवढे मोठे डॉक्टर, उगाच सांगतील का?" हे जास्त लागलं. मलाच वाटायला लागलं, आपण नाटक करतोय की काय.

मग ऑफिसात करते तेच केलं. 'ॲप चालत नाही' एवढाच बग रिपोर्ट टाकला तर कोणी ढुंकून बघत नाही. तीन आठवडे फोनमध्ये लिहिलं: जाग किती वाजता, आखडणं किती मिनिटं, गोळीने फरक पडला का. एका पानावर प्रिंट काढली. परत त्याच डॉक्टरांकडे (आईचा हट्ट). त्यांनी पान बाजूला सारलं. आवाज थरथरत होता, तरी विचारलं, "पुढच्या तपासणीची गरज नाही, असं कारणासकट फाईलवर लिहून द्याल का?" चिडले. लिहिलं काहीच नाही, पण र्‍हुमॅटॉलॉजिस्टसाठी चिठ्ठी दिली. मला तेवढीच हवी होती.

र्‍हुमॅटॉलॉजिस्ट म्हणजे संधिवाताचे डॉक्टर. बाईंनी पान पूर्ण वाचलं, सॅक्रोइलिॲक सांध्यांचा एमआरआय सांगितला. सूज होती. ॲक्सिअल स्पॉन्डिलोआर्थ्रायटिस. यात एक्स-रे काही वर्षं नॉर्मल दिसू शकतो. पूर्वी हा पुरुषांचाच आजार समजायचे, म्हणून बायकांचं निदान आणखी रखडतं. एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह आली म्हणून घाबरू नका हं, ती असलेले बहुतेक लोक ठणठणीत असतात.

तुमची कंबर तीन महिन्यांहून जास्त दुखतेय, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडते, हालचालीने सैल होते? मग हेच शब्द वापरून डॉक्टरांना सांगा.

हे पूर्ण बरं होत नाही, आटोक्यात ठेवतात. औषध आणि व्यायाम चालू आहे. मोजे बहुतेक दिवशी मीच घालते. आई अजून दारात उभी राहून बघते, बोलत काही नाही.

आणि प्लीज, त्या डॉक्टरांचं नाव मेसेजमध्ये विचारू नका. सांगणार नाही.