अण्णांच्या घरची बाया
(महिला मेळाव्यात केलेल्या भाषणातील मुख्य भाग)



महर्षी अण्णासाहेब कर्वे यांचे नाव उच्चारले की पुण्याहून हिंगण्यास जाणारी ती चिखलाची वाट आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताचे तास आटोपून, आश्रमातील मुलींसाठी लागणारे जिन्नस बरोबर घेऊन, पाऊसपाणी न पाहता चालत जाणारी ती कृश मूर्ती महाराष्ट्राने मनोमन पूजिली आहे. ती पूजा योग्यच आहे; तीत उणे काढण्यासाठी मी उभा नाही. परंतु वाटेला दोन टोके असतात. एका टोकाला आश्रम होता, दुसऱ्या टोकाला घर होते. त्या घरातील चूल कोण पेटती ठेवीत होते, मुलांच्या दुखण्याखुपण्याला रात्री कोण जागत होते, आणि महिनाअखेर रिकाम्या डब्यांशी कोण झुंजत होते, हे विचारण्याची आपल्याला सहसा आठवण होत नाही. ती बाई म्हणजे आनंदीबाई कर्वे. सारा गोतावळा त्यांना ‘बाया’ म्हणे. आज मी त्यांच्याविषयी बोलणार आहे.

कोकणातील देवरुखच्या बाळकृष्णपंत जोशी यांची ही कन्या गोदू. लग्न झाले ते खेळण्याच्या वयात आणि कुंकू पुसले गेले तेही त्याच वयात, लग्नाला काही महिने होतात न होतात तोच. त्यानंतरची कितीएक वर्षे सासरच्या घरी राबण्यात गेली. नवऱ्याचा चेहरासुद्धा नीट न पाहिलेल्या मुलीने जन्मभर त्याची विधवा म्हणून जगावयाचे, हा त्या काळचा धर्म! बंधू नरहरपंत हे मुंबईत अण्णांचे सोबती होते. त्यांनी बहिणीला मुंबईस आणले, आणि ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी शारदासदन उघडले तेव्हा तेथे शिकावयास आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी ही गोदूबाईच. रमाबाईंचे नाव घेताच ज्या काळी घरोघरी कपाळाला आठ्या पडत, त्या काळातील ही गोष्ट आहे.

१८९१ साली अण्णांच्या पहिल्या पत्नी राधाबाई वारल्या. पुन्हा लग्न करावयाचे तर विधवेशीच, असा अण्णांचा निश्चय होता. ११ मार्च १८९३ रोजी, म्हणजे शारदासदन उघडल्यास बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, पुण्यास हा विवाह झाला आणि गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. अण्णांच्या मुरूड गावाने मग काय केले? गावाने बहिष्कार घातला. पोटच्या मुलाला आणि सुनेला पंक्तीला बसवून घेण्याची अण्णांच्या मातोश्रींना चोरी झाली. या प्रसंगी अण्णांनी दाखविलेल्या धैर्याची वर्णने आपण पुष्कळ वाचतो. पण पुनर्विवाह करणाऱ्या पुरुषाला लोक निदान सुधारक तरी म्हणत. पुनर्विवाह करणाऱ्या बाईला काय काय म्हणत, त्यातील एक अक्षरही या सभेत उच्चारण्याजोगे नाही. ते सारे ऐकत बाया बाजारात गेल्या, पाणवठ्यावर गेल्या आणि घरी येऊन स्वयंपाकाला लागल्या.

घरात राधाबाईंचा अकरा वर्षांचा रघुनाथ होता. पुढे संततिनियमनाच्या प्रचारासाठी ‘समाजस्वास्थ्य’ चालवून ज्यांनी सनातन्यांची झोप उडविली, तेच हे र. धों. कर्वे. नंतर बायांना शंकर, दिनकर आणि भास्कर असे तीन मुलगे झाले. आता हिशेब पाहा. त्या काळी डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्याचे वेतन महिना सुमारे ७५ रुपये. त्यात घर, मुले आणि येणारेजाणारे. आणि अण्णांचा स्वभाव असा की हाती आलेला पैसा प्रथम कार्याचा, उरला तर घराचा. उरत कितीसे असेल, हे तुमच्यापैकी प्रत्येक गृहिणी माझ्यापेक्षा अधिक चांगले सांगू शकेल.

१८९६ साली अनाथ बालिकाश्रम निघाला आणि १९०० साली तो हिंगण्यास गेला. अण्णांनी जवळची शिल्लक दिली आणि पाच हजार रुपयांचे आपल्या आयुष्याचे विमापत्रही आश्रमाच्या स्वाधीन केले. चरित्रकार येथे अण्णांच्या त्यागाला वंदन करून पुढे जातात. मला मात्र येथे थांबावेसे वाटते. पती वयाने कितीतरी वडील, मुले लहान, आणि उद्या पतीचे काही बरेवाईट झाले तर आधार तेवढा तो एक कागद! जिने एकदा वैधव्य भोगले आहे, परक्याच्या घरी दोन घासांसाठी राबणे म्हणजे काय हे जिला ठाऊक आहे, तिला त्या कागदाची किंमत कोणी समजावून सांगावयास नको होती. तो कागद हातून जाताना बाया गप्प बसल्या असतील, असे मानण्याचे कारण नाही. त्या गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्याच. ‘माझे पुराण’ या आपल्या आत्मचरित्रात त्यांनी संसारातील ओढाताण आणि पतीच्या निरिच्छपणाने घरास बसलेले चटके आडपडदा न ठेवता सांगितले आहेत. कोणी म्हणेल, साध्वी पत्नीने असे लिहू नये. मी म्हणतो, असे लिहिणारी पत्नी लाभली हे अण्णांचे भाग्य. मुकाट्याने सोसणारीलाच सती म्हणण्याची आपल्याला फार जुनी खोड आहे. भांडावयाचे, रागवावयाचे, आणि तरीही दुसऱ्या दिवशी पहाटे उठून त्याच माणसाच्या व्रतासाठी चूल पेटवावयाची, ही निष्ठा अधिक अवघड असते.

याहूनही एक खोल जखम होती. विधवांना शिक्षण मिळाले पाहिजे. पण आश्रमाचा पुनर्विवाहाशी संबंध दिसला तर लेकीसुनांना तेथे कोणी धाडणार नाही. म्हणून अण्णांनी आश्रम पुनर्विवाहाच्या चळवळीपासून कटाक्षाने दूर ठेवला. धोरण म्हणून ते शहाणपणाचे असेलही. पण त्याचा परिणाम पाहा! ज्या बाईच्या संसाराचे ताट अर्धे करून आश्रम उभा राहिला, तीच पुनर्विवाहित म्हणून त्या आश्रमाच्या कामापासून दूर राहिली. त्यांच्या धाकट्या बहीण पार्वतीबाई आठवले या विधवाच राहिल्या होत्या. त्यांना आश्रमात मानाचे स्थान मिळाले, आश्रमासाठी त्यांनी गावोगाव वर्गणी गोळा केली, पुढे त्या अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. पार्वतीबाईंची सेवा थोर आहे, यात वाद नाही. पण दोघी सख्ख्या बहिणी. एकीला सभेत आसन आणि दुसरीला दाराबाहेरची जागा, ती का, तर तिने अण्णांच्याच तत्त्वाप्रमाणे अण्णांशीच लग्न केले म्हणून! सुधारणेच्या इतिहासात याहून बोचरा विनोद मला ठाऊक नाही.

तरीही घर मोडले नाही. थोरले शंकरराव डॉक्टर होऊन आफ्रिकेत मोंबासास गेले. दिनकरराव फर्ग्युसन महाविद्यालयात रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य झाले. मानवशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे या त्यांच्या पत्नी. धाकटे भास्करराव हिंगण्याच्या संस्थेतच राबले, आणि त्यांच्या पत्नी कावेरीबाई यांनीच सासूबाईंच्या आठवणींचे संपादन करून १९४४ साली ‘माझे पुराण’ प्रसिद्ध केले. संस्थेने सासूला जे आसन नाकारले, ते सुनेने असे कागदावर मांडून दिले! पुढे १९६३ साली दिनकररावांनी ‘द न्यू ब्राह्मिन्स’ या इंग्रजी ग्रंथात आईच्या आत्मकथनाला स्थान दिले, तेव्हा बायांचा फटकळ देवरुखी आवाज साता समुद्रांपलीकडे ऐकू गेला.

आपल्या गावातही सार्वजनिक कार्यकर्त्यांची घरे आहेत. तेथे पाहुणा अवेळी येतो, चहाचे आधण तिसऱ्यांदा चढते, घरधनी सभेतून परतत नाही, आणि शाळेची फी द्यावयाची राहून जाते. सभेच्या शेवटी आम्ही वक्ते अध्यक्षांचे आभार मानतो, मंडपवाल्याचे मानतो, ध्वनिक्षेपकवाल्याचेही मानतो. घरच्या माणसाचे नाव त्या यादीत माझ्या ऐकिवात आजवर आलेले नाही. माझ्या स्वतःच्या घरी या विषयावर काय मत आहे, ते येथे सांगण्याची मला सोय नाही!

बाया १९५० साली निवर्तल्या. अण्णांना ‘भारतरत्न’ मिळाले ते १९५८ साली, त्यांच्या वयाच्या शंभराव्या वर्षी. तो सोहळा पाहण्यास त्या नव्हत्या. आणि ज्या हिंगण्याच्या आश्रमात एके काळी त्यांना स्थान नव्हते, त्याच्याच परंपरेतील संस्था आज स्त्रियांच्या समाजकार्याचा गौरव करण्यासाठी जो पुरस्कार देते, त्याचे नाव आहे ‘बाया कर्वे पुरस्कार’.