वंशाचा दिवा
(उत्तररंग)

श्रोतेहो, पूर्वरंगात आपण 'वंश' या शब्दाचा विचार केला. आता आख्यानाला सुरुवात करू.

गयेला जाऊन आलेली मंडळी इथं बरीच बसली आहेत. तिथले तीर्थोपाध्याय पहिलं काय विचारतात? गाव कोणतं, आडनाव काय? मग वही निघते. त्या वहीत तुमचे आजे-पणजे कधी येऊन गेले ते सापडतं. मग पिंडदान. बापाचं नाव, आज्याचं, पणज्याचं; आईच्या माहेरच्यांचंही. तीन पिढ्या म्हणता म्हणता आपली जीभ अडखळते. पणज्याचं नाव किती जणांना येतं हो? हात वर नका करू, मनातच बघा!

आज अशीच एक वही उघडू, पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांची.

आधी माहेर. आता ज्याला अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्यातलं जामखेडजवळचं चौंडी. तिथले पाटील माणकोजी शिंदे. त्यांच्या घरी 1725 साली ही लेक जन्मली. धनगराचं घर, राजवाडा नव्हे.

आता सासर. नीरेकाठचं होळ गाव, म्हणून होळकर. खंडोजी होळकरांचा मुलगा मल्हारी. बाप लहानपणीच गेला. आई पोराला घेऊन खानदेशात तळोद्याला भावाकडे गेली. मामा भोजराज बारगळ. त्या मामाचीच लेक गौतमाबाई मल्हाररावांना दिली. तोच मल्हारी पुढं पेशव्यांचा सुभेदार झाला, माळव्याचा धनी झाला. त्यांचा मुलगा खंडेराव, आणि खंडेरावांची पत्नी अहिल्याबाई. लग्नात नवरी आठ वर्षांची.

वर चढताना वही सरळ चालली. आता खाली उतरू. इथं माउली, हात थरथरतो.

1754 साली कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव गेले. अहिल्याबाई सती निघाल्या. सासऱ्यांनी विनवण्या करून थांबवलं, आणि कारभार शिकवला. 1766 मध्ये मल्हाररावही गेले. सुभेदारी मुलाला, मालेरावाला मिळाली. वर्ष पुरं झालं नाही, 1767 मध्ये तोही गेला. राहिली लेक मुक्ताबाई. ती यशवंतराव फणसे यांना दिली होती. तिला एक मुलगा झाला, नथ्याबा. आजीनं सगळी आशा या नातवावर ठेवली. तो तरुणपणीच गेला. मागोमाग 1791 मध्ये जावई गेले, आणि मुक्ताबाई सती निघाली.

आई म्हणून अहिल्याबाईंनी पदर पसरला. लेकीनं ऐकलं नाही. माल्कम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं पुढं माळव्यात ऐकून लिहून ठेवलंय, की चितेपाशी दोन ब्राह्मणांनी अहिल्याबाईंना धरून ठेवावं लागलं, आणि त्यानंतर तीन दिवस त्यांनी अन्न घेतलं नाही. ती चाल वाईटच. 1829 साली तिच्याविरुद्ध कायदा झाला, फार बरं झालं. आपण त्या चालीला हात जोडायचे नाहीत. त्या आईच्या दुःखाला जोडायचे.

1795 च्या ऑगस्टात महेश्वरी, नर्मदेकाठी अहिल्याबाईंनी देह ठेवला. मागं मुलगा नाही, मुलगी नाही, नातू नाही. वहीचं पुढचं पान कोरं!

कोणी म्हणेल, महाराज, इंदूरला होळकरांची गादी 1948 पर्यंत होती की! होती. पण ती तुकोजी होळकरांकडून चालली. तुकोजी होळकर कुळातले, पण मल्हाररावांच्या पोटचे नव्हेत. अहिल्याबाईंनी त्यांना सेनापती केलं होतं. त्यांचा यशवंतराव, यशवंतरावांचा मल्हारराव, आणि तिथून पुढं तर दत्तक घ्यावे लागले. गादी चालली, अहिल्याबाईंचं रक्त नाही.

मग वंश बुडाला म्हणायचं का? इथंच खरं आख्यान आहे.

गयेत फल्गू नदीच्या काठी तुम्ही ज्या विष्णुपदावर पिंड वाहिलेत, ते आजचं दगडी मंदिर कोणी बांधलं? अहिल्याबाईंनी, 1787 साली. सरकारी तिजोरीतून नव्हे, आपल्या खासगीतून! ज्या बाईला पिंड द्यायला पोटचं कोणी उरलं नाही, तिनं साऱ्या जगाच्या पितरांसाठी छप्पर उभं केलं. काशीला विश्वनाथाचं मंदिर 1780 मध्ये त्यांनीच उभारलं. वेरूळचं घृष्णेश्वर त्यांचं. सोमनाथालाही त्यांनी मंदिर बांधलं. तिथं दर्शनाला उभा राहणारा प्रत्येक जण त्यांच्या पंगतीला बसलेला आहे.

आता घराकडे वळा. मुलगा म्हणजे वंशाचा दिवा, असं आपण म्हणतो. म्हणा, पण ज्या घरात तो नाही, त्या घराला अंधार म्हणू नका. आपल्याच गावात अशा बाया आहेत. हळदीकुंकवाला त्यांना टाळतात, ओटी भरताना बाजूला बसवतात, बारशाला त्यांच्या हातात पाळण्याची दोरी देत नाहीत. चौंडीच्या लेकीच्या पायरीवर डोकं टेकायचं, आणि शेजारच्या निपुत्रिक बाईला अपशकुनी म्हणायचं, हे कुठल्या शास्त्रात बसतं? उद्या घरी गेलात की तिला आधी बोलवा. पाळण्याची दोरी तिच्या हातात द्या.

आणि एक मागणं. शास्त्रानं सोय ठेवली आहे. ज्यांना कोणी नाही, त्यांच्यासाठी धर्मपिंड देता येतो. नातं लागत नाही, गोत्र जुळावं लागत नाही. पुढच्या वेळी गयेला जाल, तेव्हा आपले तीन पिढ्यांचे पिंड झाले की एक धर्मपिंड अहिल्याबाईंच्या नावानं द्या, एक मुक्ताबाईच्या, एक नथ्याबाच्या. त्या वहीचं कोरं पान आपण भरायचं आहे. मग सांगा, त्यांचा वंश किती मोठा? मोजता येईल का?

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!